आधी शेवटचे वावर

मी एक जुना काळा-पांढरा टीव्ही आहे. मित्रांनो, माझ्यासारखा टीव्ही तुम्ही फार तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर पाहिला असेल. अंगाला लाकडी पेटी, पुढे सरकते दार, खाली चार बारीक पाय आणि पोटात काचेची मोठी नळी. सध्या मी पांझरेकाठच्या एका गावात, शाळेच्या सामानाच्या खोलीत उभा आहे. धुळ्याहून एसटीने तासाभराचे अंतर. माझ्या डोक्यावर नकाशांच्या गुंडाळ्या आहेत आणि पायाशी फुटलेला पृथ्वीचा गोल आहे. दुपारी तीनच्या सुमाराला खिडकीतून उन्हाची तिरपी पट्टी आत येते आणि माझ्या काचेवर थांबते. त्या वेळी कोणी नीट पाहिले तर बंद काचेवरही एक चित्र दिसते. अगदी पुसट, पाण्यात बुडालेल्या रेघांसारखे. ते चित्र कसे उमटले, तेवढेच मला तुम्हांला सांगायचे आहे.

मला अक्षरे फार उशिरा आली. टीव्हीला अक्षरांचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. पण ते पुढे येईलच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, हे मला नीट आठवत नाही. एक लांब टेबल आठवते, जळत्या डांबरासारखा वास आठवतो, आणि माझा शेवटचा स्क्रू पिळून काचेवर क्षणभर तळहात ठेवणारी एक बाई आठवते. मग खोके, मग अंधार, मग ट्रकचे हेलकावे. डोळे उघडले ते थेट या गावच्या चावडीत. साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. छपरावर दोघे जण ॲल्युमिनियमची काठी फिरवत होते आणि खालून निम्मे गाव ओरडत होते.

"दिसनं का रे?"

"नई! नुसत्या मुंग्या शेतस!"

"आते?"

"आते मुंग्यासमा एक माणूस उभा शे!"

तो मुंग्यांमधला माणूस बातम्या सांगत होता. गावाने टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून तीन वर्षे माझ्यासारखा भाग्यवान कोणी नव्हता. रोज माझे दार सरकवायच्या आधी कोणी तरी कपाळाला हळद-कुंकू लावी. लहान मुले पुढे, बाया डावीकडे, म्हातारे भिंतीला टेकून. मी हसलो की गाव हसे, मी रडलो की बाया पदर डोळ्यांना लावत. माझ्यावरून अक्षरे जात नव्हती असे नाही. पण ती धावत येत आणि धावत जात. घाटातल्या गाडीतून पाट्या दिसाव्यात तशी. एकही अक्षर माझ्याजवळ थांबले नाही.

त्याच चावडीत दिवस कलताना मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग भरे. तेव्हा माझे दार बंद असे. मी आतून खडूचा आवाज ऐकत राही. सगळ्यांत मागे, माझ्या पायाशी, तोताराम बसायचा. वय बेचाळीस. पाटीवरची पेन्सिल बोथट झाली की तो माझ्या उजव्या पायावर घासून टोक काढी. ती खाच अजून माझ्या पायावर आहे.

तोताराम आधी गावाचा पाटकरी होता. पाटकरी म्हणजे काय ते सांगतो. नदीवर जुना बंधारा होता. बंधाऱ्यातून पाट निघे आणि पाटाच्या कडेने एकाखाली एक सात वावरे, म्हणजे शेते, होती. कुठल्या वावराचे बारे, म्हणजे पाटाला पाडलेले तोंड, कधी उघडायचे, कधी मातीने बुजवायचे, हे पाटकरी ठरवी. वावराचा मालक फावड्याला हात लावत नसे. आणि आमच्या गावाची रीत अशी होती की पाणी आधी शेवटच्या वावराला द्यायचे. पाटाच्या तोंडाशी असलेल्याला पाझर आपोआप मिळतो. शेवटच्याला पोचेल तेवढेच मिळते. म्हणून आधी शेवट, मग सहावे, मग पाचवे, असे उलटे वर यायचे. तोतारामचा बाप हे करी, आजा हेच करी. मग एका पुराने बंधारा फुटला. तो कोणी बांधला नाही. पाट कोरडा पडला आणि तोताराम शाळेत शिपाई झाला. हजेरीच्या वहीत सही करायची म्हणून तो अक्षरे शिकायला आला. पहिल्या दिवशी गुरुजींना म्हणाला, "पाटमानं पानी ते गयं गुरुजी. आते अक्षरे तरी येऊ द्या."

मला वाटते, माझी आणि त्याची ओळख त्या दिवशी झाली.

पुढे गावात रंगीत टीव्ही आला. एका संध्याकाळी माझ्यासमोर आठ माणसे होती, दुसऱ्या संध्याकाळी तीन, मग एक कुत्रे. ग्रामपंचायतीने मला शाळेला देऊन टाकले. बैलगाडीत मला आडवे घातले होते, म्हणून आभाळ दिसले. शाळेत या खोलीत मी उभा राहिलो. हळद-कुंकवाचा डाग वाळून पडला. कधी कधी वाटे, आपण झोपलो आहोत आणि हे सगळे गाव आपल्या स्वप्नात चालले आहे.

खोलीत लोखंडी कपाट होते. त्यात प्लॅस्टिकच्या टोपीखाली एक संगणक झोपला होता. सरकारी योजनेतून आला होता. त्याचा स्वतःचा पडदा वाटेतच फुटला, तो शिकून आलेले गुरुजी बदलून गेले, आणि इंग्रजी पुस्तकासह त्याला कुलूप लागले. किल्ली तोतारामकडे. दर शनिवारी तो कपाट उघडून त्या टोपीवरची धूळ पुसायचा. मग टोपी काढून बटणांवरची अक्षरे बोटाने मोजायचा. त्याला नुकतीच इंग्रजी मोठी अक्षरे ओळखू येऊ लागली होती.

एके शनिवारी त्याच्या मागे सुनंदाबाई येऊन उभ्या राहिल्या. गणिताच्या नव्या शिक्षिका, माहेर पारोळ्याचे, बोलणे भराभर.

"तोतारामभाऊ, हे काय मोजताय?"

तो दचकला. "काही नई बाई. धूळ पुसी राहिनू."

"धूळ मोजून पुसतात का?"

तोताराम हसला. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातले पत्र पुढे केले. मुख्याध्यापक रुपचंद सरांच्या टेबलावर ते आले होते. ज्या शाळांत संगणक वापरात नाही, तिथून तो उचलून दुसरीकडे नेण्यात येईल. तपासणीला साहेब दीड महिन्याने येतील.

"सर म्हणतात, बरं होईल, कपाट मोकळं होईल," बाई म्हणाल्या.

तोतारामने टोपी परत घातली. अगदी सावकाश, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावे तशी. "एकदा पानी गयं," तो म्हणाला, "ते परत उनं नई, बाई. हाई बी जाई का?"

मित्रांनो, तिथून सगळे सुरू झाले.

संगणकाला पडदा नव्हता. पडदा म्हणून मी होतो. बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा भाईदास आला, त्याने माझी पाठ उघडली, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "बाई, याच्या पोटात पाली नांदल्यात." मग त्याने माझ्या पोटातून एक तार काढून संगणकाला जोडली. बटण दाबले. मी तापलो. मुंग्या नव्हत्या, माणूस नव्हता. काळ्या शांततेत एक पांढरे अक्षर उभे राहिले. आणि ते गेले नाही! मी वाट पाहिली. ते तिथेच होते. त्याच्यापुढे एक बारीक रेघ लुकलुकत होती, जशी कोणी हळू आवाजात विचारावे, पुढे काय?

ते माझे पहिले अक्षर.

सुनंदाबाई पुस्तक वाचून मराठीत सांगत आणि तोताराम एका बोटाने बटणे दाबी. एक अक्षर चुकले की संगणक सांगे, मिस्टेक. पहिल्या आठवड्यात त्याने दुसरे काही सांगितलेच नाही. खिडकीतून रुपचंद सर डोकावत. "काय तोताराम, यंत्र काय म्हणतं?"

"मिस्टेक म्हनस सर."

"खरं बोलतंय. जा, घंटा दे."

दीड महिन्यात काय करून दाखवायचे, हा प्रश्न होता. बाई म्हणाल्या, खेळ करू. पुस्तकात खेळ कसा लिहायचा ते दिले आहे. आधी पडद्यावर एक चांदणी काढायची. मग ती पुसायची आणि शेजारच्या घरात काढायची. मग पुन्हा पुसायची. डोळ्यांना वाटते, चांदणी चालली. तिला तोफेने मारायचे.

"चांदनीले?" तोताराम म्हणाला. "तिनी काय करं आपलं?"

दोघांनी सहा ओळी लिहिल्या. पण घाईत पुसायची ओळ राहून गेली. चांदणी वरून निघाली, खाली आली, आणि जिथून गेली तिथे चांदण्याच चांदण्या मागे राहिल्या. माझ्या काचेवर वरपासून खालपर्यंत चकाकती रेघ पडली.

"चुकलं," बाई म्हणाल्या. "पुसायचं राहिलं."

तोताराम माझ्या इतका जवळ आला की त्याचा श्वास काचेवर उमटला.

"पुसू नका बाई," तो म्हणाला. "हाई ते पानी शे."

मग तोफ गेली आणि पाट आला. बाईंनी चौकटीच्या कागदावर सात वावरे काढली. डावीकडे पाट, उजवीकडे एकाखाली एक सात चौकोन, प्रत्येकाला एक आकडा. आकड्याचे बटण दाबले की त्या वावराचे बारे उघडे, पुन्हा दाबले की बुजे. भरले की चौकोनात ठिपक्यांचे पीक उगवे. बाईंनी पहिल्या वावरापासून सुरुवात केली, तेव्हा तोतारामने कपाळावर हात मारला.

"बाई, तुमनं पारोळामा असं व्हत व्हई. आमनाकडे आधी शेवट."

"पण खेळात काय फरक पडतो?"

"शेवटलं बारं बंद ठेवं ते पानी शेवटले साचस. बांध फुटस. तुम्ही फोडा एकदा, मंग समजी."

बाईंनी तोच नियम घातला. पाणी सुटल्यावर सातवे बारे उघडे नसेल तर पाटाच्या टोकाला पाणी साचते, बांध फुटतो आणि खेळ संपतो. एका ओळीच्या नियमाने खेळाला जीव आला. पाणी फार वेगाने पळे, तर बाईंनी संगणकाला मधल्या वेळेत रिकामे आकडे मोजायला लावले. एक ते पाचशे, उगाच.

"नुसतं मोजस? कामधंदा नई?" तोतारामने विचारले.

"नुसतं मोजतो. तेवढा वेळ पाणी थांबतं."

"मी बी असाच मोजू, बाई. बांधवर बसीसन. पानी येईलोंग."

खेळात बांध पोखरणारा एक उंदीरही घातला. त्याने कुठे भोक पाडायचे, ते मात्र संगणक स्वतः ठरवी, कोणी डोळे मिटून चिठ्ठी काढावी तसे. एकदा दिवसभर लिहिलेले सगळे लाईट गेल्याबरोबर नाहीसे झाले. त्या दिवशी दोघे बराच वेळ माझ्या काळ्या काचेत स्वतःचे तोंड पाहत बसले. मग भाईदासने त्याचा टेपरेकॉर्डर दिला. संगणक कॅसेटमध्ये किरकिर करून आपली गोष्ट सांगून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी तीच किरकिर ऐकून त्याला सगळे आठवे. तरीही तोताराम एकेक ओळ वहीत उतरवून घेई. त्याचे इंग्रजी अक्षर पेरलेल्या दाण्यांसारखे असे, सुटे सुटे आणि सरळ रांगेत.

शाळा सुटल्यावर बाई एसटीने जात. तोताराम झाडलोट संपवून माझ्यासमोर बसे आणि खेळ चालू ठेवी. एकदा सात दाबले की पुढे आकडे दाबत नसे. नुसता पाट, सात वावरे आणि उतरणारे पाणी. तासन् तास. माझ्या काचेला ते चित्र हळूहळू पाठ होऊ लागले. खरे सांगतो, त्या काळात मला नीट कळत नसे की पाणी माझ्यात आहे की मी पाण्यात.

तपासणीच्या चार दिवस आधी रुपचंद सर आत आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. माझी जुनी चौकट चिरली होती, एका कोपऱ्याला दोरी बांधली होती.

"साहेबांपुढे असं ध्यान ठेवायचं?" ते म्हणाले. सरांचे मन वाईट नव्हते. शाळेची लाज राहावी एवढेच त्यांना वाटे. त्यांनी वना सुताराला बोलावले. वनाने मनापासून काम केले. नवी सागाची चौकट, वर वेलबुट्टी, चकचकीत पॉलिश. आणि शोभेसाठी खालची पट्टी चांगली दोन बोटे रुंद. ती बसवली तेव्हा मला वाटले, कोणी माझ्या तोंडावर रुमाल बांधला.

त्याच दिवशी गावची डीपी जळाली. चार दिवस लाईट नाही. त्यामुळे नवी चौकट घालून खेळ कोणी पाहिलाच नाही. माझ्या काचेचा खालचा काठ झाकला गेला होता. सातवे वावर त्या पट्टीमागे होते. मला ते माहीत होते, आणि मला सांगता येत नव्हते. मित्रांनो, आयुष्यात मी हजारो माणसांचे बोलणे लोकांना ऐकवले. माझे स्वतःचे एक वाक्य असते तर ते मी त्या चार दिवसांत खर्च केले असते.

तपासणीच्या दिवशी साडेदहाला लाईट आली आणि पावणेअकराला जीप. साहेब उंच होते, चष्मा पुन्हा पुन्हा वर सरकवत. माझ्यासमोर खुर्ची ठेवली. कॅसेटची किरकिर संपली. सरांनी तोतारामला दाराबाहेर उभे केले होते, चहाच्या ट्रेसह. खिडकीशी काही म्हातारे आले होते. तोतारामने गावभर सांगितले होते की शाळेत पाट वाहणार आहे. त्यांत अभिमन आबा होते, काठी टेकून. खऱ्या पाटावरचे सातवे वावर त्यांचे. त्यात आता बाभळी होत्या.

"कोणता बाहेरचा खेळ उतरवून घेतलाय?" साहेबांनी विचारले.

"नाही साहेब, इथेच केलाय," सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. "शेवटचं वावर आधी उघडायचं."

साहेबांनी पाहिले. शेवटचे वावर सहावे होते. त्यांनी सहा दाबले. पाणी सुटले, खाली गेले, सहाव्याला लागले, आणि तरीही बांध फुटला. पडदा पांढरा झाला.

"पुन्हा," साहेब म्हणाले. पुन्हा सहा. पुन्हा बांध फुटला.

मागे उभ्या असलेल्या बाईंना साहेबांचे बोट दिसले नव्हते. त्या पुढे आल्या. त्यांनी भराभर ओळी उलगडल्या, एक ओळ वाचली, दुसरी वाचली. चूक कुठेच नव्हती, म्हणून त्यांना ती सापडेना. रुपचंद सर भिंतीकडे पाहत होते.

"खेळ अर्धवट दिसतो," साहेब सावकाश म्हणाले. त्यांनी वही उघडली. पेनाचे टोपण काढले.

दाराबाहेर तोताराम ओठ हलवत होता. मी त्याच्याकडे पाहत होतो. तो मोजत होता. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. थांबला. पुन्हा पहिल्यापासून मोजले. सहा.

त्याने चहाचा ट्रे उंबऱ्यावर ठेवला आणि आत पाऊल टाकले.

"तोताराम!" सर कुजबुजले.

"साहेब," तोताराम म्हणाला. हात जोडले होते, पण आवाज पाटावरचा होता. "लिखू नका. पाटकरीले एक जागे उभं राहीसन चालत नई. शेवटले काय व्हयनं, ते जाईसन देखनं पडस."

साहेबांचे पेन थांबले. "म्हणजे?"

"म्हंजे जाई येस."

तो माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. मान वाकडी करून त्याने खालून, नव्या पट्टीच्या फटीतून माझ्या काचेत पाहिले. त्याचा एक डोळा माझ्या अगदी जवळ होता. त्या डोळ्यात मला माझे सातवे वावर दिसले.

"आठेच शे," तो म्हणाला. "सातवं आठेच शे बाई, पट्टीना मांगे! दपाडी ठेवेल शे!"

वना सुतार दाराशीच होता. तो रडवेला झाला. "मी शोभा करं रे भो, वावर कसाले दपाडू?"

किल्ल्यांच्या जुडग्यातली सर्वांत बारीक किल्ली काढून तोतारामने चौकटीचे चार स्क्रू फिरवले. पट्टी खाली आली. वेलबुट्टी बाजूला ठेवली. माझी काच काठापर्यंत उघडी झाली, आणि तळाशी, सगळ्यांत खाली, सातवा चौकोन कोरडा उभा होता.

"आता खेळा साहेब," बाई म्हणाल्या. त्यांना हसू आणि रडू एकदम येत होते.

पण साहेबही माणूसच. पाणी सुटल्याबरोबर त्यांचे बोट सवयीने एकावर गेले. खिडकी एकदम ओरडली.

"एक नको! शेवट! आधी शेवट!"

"साहेब, वरलाले पाझर भेटस!"

"सात दाबा, सात!"

बांध फुटला. साहेब मोठ्याने हसले, चष्मा काढून पुसला आणि खुर्ची पुढे ओढली. आता त्यांनी सात दाबले. पाणी वरून निघाले. पहिल्या वावराच्या कडेने, दुसऱ्याच्या कडेने, एकेक ठिपका चकाकत. संगणक मधेच थांबून आपले रिकामे आकडे मोजत होता. सहाव्याच्या कडेने. मग ते वळले आणि शेवटच्या चौकोनात शिरले. एक ठिपका, दोन ठिपके, आणि चौकोनभर पीक उभे राहिले.

खिडकीत अभिमन आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पोचनं," ते म्हणाले. एवढेच.

तोताराम अजून माझ्यासमोर गुडघ्यांवरच होता. त्याने मागे वळून आबांकडे पाहिले आणि मान हलवली, जशी पूर्वी बांधावरून हलवत असेल. नऊ वर्षांनी त्याने त्यांना पाणी दिले होते.

साहेबांनी वहीत तीन शब्द लिहिले. संगणक वापरात आहे. मग त्यांनी विचारले, "खेळ कोणी केला म्हणून लिहू?"

"आम्ही दोघांनी," सुनंदाबाई म्हणाल्या. साहेबांनी दोन नावे लिहिली. तोतारामने ती वाकून वाचली. आपले नाव पाहून त्याने ते पुन्हा एकदा वाचले, बोट फिरवत.

संगणक त्यानंतर सात वर्षे शाळेत राहिला. कितीतरी मुलांनी त्यावर खेळ लिहिले. एकाने एसटीचा केला. गाडी पुलावर कधीच वळायची नाही, सरळ नदीत जायची. एकीने आजीच्या कोंबड्यांचा केला, त्यात कोंबड्या मोजता मोजता वाढत जात. प्रत्येकाच्या पहिल्या ओळी चुकल्या, आणि चूक दिसली की तोताराम म्हणायचा, "पुसू नको. आधी देख, ती काय शे." मग सुनंदाबाईंची जळगावला बदली झाली. एका उन्हाळ्यात संगणक मुका झाला तो झालाच. त्याला पेटीत घालून नेले. मला न्यायला कोणी आले नाही. माझी नळीही आता तापत नाही.

पण मघाशी सांगितलेले चित्र राहिले. इतके दिवस, इतके तास तेच चित्र माझ्यावर उभे होते की ते काचेच्या आतल्या बाजूला कायमचे उमटले. एक पाट, सात वावरे. लाईट लागत नाही, तार लागत नाही. तीन वाजताचे ऊन पुरते.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत कोपऱ्यात पडलेल्या वस्तू असतील. त्यांना टाकून देण्याआधी एकदा त्यांच्यापुढे बसा. त्या बोलणार नाहीत. मी चार दिवस ओरडत होतो, कोणाला ऐकू आले का? त्यांच्याकडे वाकून पाहावे लागते. आणि पुसाल तेव्हा कोपऱ्यापासून पुसा. मधली काच तर येता-जाता कोणीही पुसतो.

तोताराम आता नोकरीतून मोकळा झाला आहे. तरी शनिवारी येतो. नवा शिपाई त्याला किल्ली देतो. तो नकाशांच्या गुंडाळ्या बाजूला करतो, खांद्यावरचा पंचा घेतो आणि माझ्यासमोर गुडघे टेकून बसतो. हल्ली त्याला बसायला वेळ लागतो. मी वाट पाहतो, रिकामे आकडे मोजत.

मग त्याचा हात येतो. सगळ्यांत आधी खाली, शेवटच्या वावरापाशी.